लाखाच्या घरातला फोन : वाढीव पैशांत नेमके काय मिळते?

वारणाकाठ (मूळ लेख)

गेल्या महिन्यात माझ्या फोनची पाठ एका कडेने उचलली गेली. कव्हर नीट बसत नसेल असे आधी वाटले, पण कव्हर काढल्यावर मागचे झाकण आणि चौकट यांच्यामध्ये नख सरकेल एवढी फट दिसली. आतली बॅटरी फुगली होती. हा फोन मी २०२१ साली सतरा हजारांना घेतला. त्याला सुरक्षा अपडेट मिळणे दोन वर्षांतच थांबले आणि यंदा बँकेच्या ॲपनेही त्या जुन्या प्रणालीवर चालायला नकार दिला. त्यामुळे नवी बॅटरी घालून हाच फोन रेटावा असे म्हणायलाही जागा उरलेली नाही. त्याआधीचा फोन २०१८ चा, चौदा हजारांचा. म्हणजे सात वर्षांत दोन फोन, एकतीस हजार रुपये, वर्षाला साधारण चार हजार चारशे.

माझ्या मेहुण्यांनी २०१९ च्या दिवाळीत आयफोन ११ घेतला. त्या वेळी त्याची सुरुवातीची किंमत ६४,९०० रुपये होती. मध्ये एकदा बॅटरी बदलली, त्याचे सात हजारांच्या आसपास झाले. २०२५ मध्ये आलेली आयओएस २६ ही प्रणालीही त्या फोनवर चालते. "महाग फोनच शेवटी स्वस्त पडतो" असे ते आम्हाला दर भेटीत सांगतात, म्हणून एकदा वही घेऊन बसलो. एकूण खर्च बहात्तर हजार. आज तो विकून दहा हजार आले असे धरले तरी सहा वर्षांचे बासष्ट हजार, म्हणजे वर्षाला दहा हजारांच्या वर. स्वस्त पडण्याचा मुद्दा या हिशेबात टिकत नाही. दोन्हींतला फरक महिन्याला पाचशे रुपयांचा आहे, आणि माझ्या मते चर्चा त्या पाचशे रुपयांची व्हायला हवी. तेवढ्यात रोजच्या वापरात काय जास्त मिळते?

हे विचारण्याचे आणखी एक कारण आहे. 'वरचा फोन' या शब्दांची किंमतच दहा वर्षांत कुठल्या कुठे गेली. २०१४ च्या अखेरीस वनप्लसचा पहिला फोन भारतात २१,९९९ रुपयांना मिळत होता आणि त्यात त्या वर्षीची वरच्या दर्जाची चिप होती. त्याच कंपनीचा वनप्लस १३ जानेवारी २०२५ मध्ये ६९,९९९ रुपयांपासून पुढे आला. आयफोन टेन २०१७ मध्ये ८९,००० रुपयांना आला तेव्हा वर्तमानपत्रांत त्याच्या किमतीची बातमी झाली होती. २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगचा एस२४ अल्ट्रा १,२९,९९९ रुपयांना आला तेव्हा कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. याच काळात वीस-पंचवीस हजारांच्या फोनचा पडदा, बॅटरी आणि चार्जिंगचा वेग इतका सुधारला, की दुकानात दोन्ही फोन शेजारी ठेवले तर पहिल्या पाच मिनिटांत फरक सांगता येत नाही. फरक असेलच, तर तो दोन वर्षांनी कळणारा असावा.

माझे वय त्रेपन्न, नोकरी पतसंस्थेत. फोन लागतो तो बोलणे, यूपीआय, बँक, कागदपत्रांचे फोटो, बातम्या आणि रात्री आईशी व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी. ज्यांनी महाग फोन किमान दोन वर्षे वापरला आहे किंवा ज्यांचा या व्यवसायाशी संबंध आहे, त्यांनी अनुभव लिहावेत. खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा मला त्यांचा उपयोग जास्त होईल.


दुरुस्तीवाला

पुण्यात बुधवार पेठेच्या परिसरात मी बारा वर्षे मोबाइल दुरुस्ती करतो. सर्वांत आधी आपल्या फुगलेल्या बॅटरीविषयी : तो फोन चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका आणि उशीजवळ तर मुळीच ठेवू नका. बंद करून दुकानात द्या.

आता मूळ प्रश्न. स्वस्त फोन दोन वर्षांनी रखडायला लागतो, त्याचा दोष लोक चिपला देतात. माझ्या टेबलावर जे येते त्यावरून सांगतो, की बऱ्याचदा खरे कारण साठवणुकीचा भाग असतो. कमी किमतीच्या अनेक फोनांत ईएमएमसी प्रकारची मेमरी असते, वरच्या फोनांत यूएफएस असते. पहिलीचा वाचण्या-लिहिण्याचा वेग मुळातच कमी असतो आणि ती नव्वद टक्के भरली की फोन फोटो उघडतानाही विचारात पडतो. खोक्यावर दोन्हीकडे '१२८ जीबी' एवढेच मोठ्या अक्षरांत छापलेले असते. फोन घेताना यूएफएस आहे का एवढे एक जरी विचारले तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो, आणि हल्ली त्यासाठी लाख रुपये लागत नाहीत.

महाग फोनची दुसरी बाजू आमच्या काउंटरवर दिसते. पुढे काच, मागे काच, आणि हातातून निसटला की फरशी कोणाची गय करत नाही. वरच्या श्रेणीतल्या फोनचा डिस्प्लेचा पूर्ण संच, ज्याला आम्ही कॉम्बो म्हणतो, तो कंपनीच्या केंद्रातून बदलायचा तर बिल पंचवीस हजारांच्या पुढे जाऊ शकते. बाहेरचा कॉम्बो कमी पैशांत बसतो, पण त्याचे रंग आणि स्पर्श मूळच्यासारखे राहत नाहीत. आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी घातली तर सेटिंगमध्ये तशी सूचनाच दिसते आणि पुढे विकताना तेवढा भाव पडतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो : फोन घेतल्यावर एकदा पडदा बदलण्याइतके पैसे बाजूला ठेवता येतील का? नसतील, तर तो फोन आपल्या आवाक्यातला नाही, मग हप्ता कितीही लहान असो.

पाण्याविषयीही लिहितो, कारण त्यावर फार मोठा गैरसमज आहे. आयपी६८ म्हणजे ठरावीक खोलीच्या स्वच्छ, स्थिर पाण्यात ठरावीक वेळ ठेवून केलेली चाचणी. समुद्राचे खारे पाणी, साबणाचे पाणी, जोराची धार यांचा तिच्याशी संबंध नाही. शिवाय आतली रबरी आणि चिकट सीलबंदी वर्षागणिक सैल होते आणि फोन एकदा उघडला की पहिल्यासारखी राहत नाही. मागच्या मे महिन्यात अलिबागहून परत आलेले एक कुटुंब थेट दुकानात आले. फोन एक लाखाचा, वॉरंटीत होता. सिमचा खण काढून आत टॉर्च मारली, तर ओलावा दाखवणारी पांढरी पट्टी लालभडक झाली होती. पाण्याने झालेले नुकसान सर्वसाधारण वॉरंटीत धरत नाहीत, आणि हे त्यांना सांगण्याची वेळ माझ्यावर आली.


जमाखर्च

मूळ लेखातला हिशेब योग्य आहे. त्यात कराची बाजू जोडतो, कारण "अमेरिकेत स्वस्त, आपल्याकडे दुप्पट" असे सरसकट बोलले जाते.

मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून बारावरून अठरा टक्के झाला. आयात फोनवरचे मूळ सीमाशुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात वीसवरून पंधरा टक्के झाले. आता सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला साधा आयफोन १६ घ्या. त्याची तेव्हाची भारतातील किंमत ७९,९००, त्यात जीएसटी सुमारे १२,१९०. तो वजा केला तर उरतात ६७,७०० च्या आसपास. अमेरिकेतील तेव्हाची किंमत ७९९ डॉलर, ज्यात तिथला विक्रीकर धरलेला नसतो. डॉलर चौऱ्याऐंशी रुपयांचा मानला तर ६७,१००. म्हणजे कर बाजूला ठेवले तर दोन्ही किमती जवळजवळ सारख्या. परंतु १६ प्रो घेतला, तर तिकडे ९९९ डॉलर म्हणजे सुमारे ८४,००० आणि इकडे १,१९,९०० मधून जीएसटी वजा जाता एक लाख एक हजारांच्या वर. जो फोन सर्वांत जास्त मिरवला जातो, त्याच्यावरच सतरा-अठरा हजारांचा जादा बोजा होता.

दुसरा मुद्दा 'बिनव्याजी' हप्त्यांचा. व्याज शून्य नसते. बँक व्याज लावते आणि तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी आधीच देते, म्हणून बेरीज जुळते. ऐंशी हजारांचा फोन, बारा हप्ते आणि सोळा टक्के दर धरला तर व्याज साडेसहा हजारांच्या आसपास येते. त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे पावणेबाराशे रुपये, ग्राहकाच्या खिशातून जातो. त्यात प्रक्रिया शुल्क मिळवा. रोखीने घेणाऱ्याला दुकानदार जे हजार-दोन हजार सोडतो, तेही अनेकदा हप्तेवाल्याला मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नाही. माझ्या परिचयातील एका मुलाचा पगार अठ्ठावीस हजार आणि फोनचा हप्ता साडेसहा हजार आहे. महिन्याच्या वीस तारखेनंतर तो मित्राकडून उसने घेतो. या मुलाची मला मनापासून काळजी वाटते. असा तो एकटाही नाही.


लोकलप्रवासी

जमाखर्च यांनी सांगितलेल्या त्या मुलाच्याच वयाचा मी आहे, म्हणून लिहितो. दोन वर्षे दरमहा तीन हजार बाजूला टाकून मी बहात्तर हजारांचा फोन रोखीने घेतला. डोंबिवली ते दादर उभ्याने जाताना माझे वाचन, अभ्यास, गाणी, घरच्यांशी बोलणे, सगळे त्या एका वस्तूवर होते. दिवसाचे पाच तास जी वस्तू हातात असते ती चांगली असावी असे वाटणे यात मला गैर काही दिसत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने पहिल्या बोनसमधून स्कूटर किंवा सोन्याची अंगठी घेतली, तेव्हा त्यांना कोणी दरवर्षाचा खर्च काढायला सांगितले नव्हते. कर्ज काढून घेऊ नये, एवढे मात्र जमाखर्च यांचे म्हणणे पूर्ण पटते.


बांधावरून

तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. फोन एकोणीस हजारांचा. ऑक्टोबर छाटणीनंतर पानामागे डाऊनी या बुरशीच्या रोगाचा ठिपका दिसला की जवळून फोटो काढून सल्लागारांना पाठवावा लागतो, आणि ते फोटो पाहून फवारणी ठरते. या कामाला दोन गोष्टी लागतात. एक, उन्हात पडदा दिसला पाहिजे. स्वस्त फोनचा पडदा बारा वाजता आरशासारखा होतो आणि आपलेच तोंड दिसते. दोन, जवळचे स्पष्ट टिपले पाहिजे. माझ्या फोनच्या मागे तीन भिंगे आहेत, पण 'मॅक्रो' म्हणून दिलेले भिंग दोन मेगापिक्सेलचे असून त्यात ठिपक्याची कड पुसट येते. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने थोडे लांबून फोटो काढून नंतर कापून घेतलेला बरा. भावाच्या सत्तर हजारांच्या फोनमध्ये पानावरची पांढरी बुरशी धाग्याधाग्याने दिसते, हे खरे. तरी सल्लागारांनी दोन्ही फोटोंवरून औषध एकच सांगितले. त्या एक्कावन्न हजारांच्या फरकात माझ्या ठिबकच्या दुरुस्तीचे काम झाले.


स्पर्शलिपी

मी दृष्टिहीन आहे आणि शाळेत शिकवतो. या चर्चेत महाग फोन ही आवड किंवा चैन मानली गेली आहे. माझ्या बाबतीत ते तसे नाही, हे थोडे विस्ताराने मांडतो.

मी फोन पाहत नाही, ऐकतो. पडद्यावर बोट ठेवले की तिथे काय आहे ते वाचक प्रणाली बोलते. आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक. पूर्वी माझ्याकडे अकरा हजारांचा फोन होता. बोट ठेवल्यापासून आवाज येईपर्यंत त्यात अर्धा-पाऊण सेकंद जात असे. ज्याला दिसते त्याला हा उशीर जाणवणारही नाही. पण माझे बोट एव्हाना पुढच्या बटणावर गेलेले असे आणि आवाज मागच्या बटणाचा येत असे. एकदा रिक्षाचे सत्तर रुपये देताना सातशेचा आकडा गेला तो याच गोंधळात. रिक्षावाल्या दादांनी स्वतःहून सांगितले आणि पैसे परत केले, पण त्यानंतर कित्येक महिने मी यूपीआय वापरलेच नाही.

व्हॉइसओव्हर आयफोनमध्ये २००९ पासून आहे, म्हणजे अंध वापरकर्त्याचा विचार तिथे बराच आधी झाला. अँड्रॉइडनेही पुढे अंतर पुष्कळ कमी केले. २०२० मध्ये टॉकबॅकला पडद्यावरच ब्रेल टंकण्याची सोय मिळाली. सहा बोटे पडद्यावर ठेवून मी ब्रेलमध्ये लिहितो, पण त्यासाठी सहाही स्पर्श एकाच वेळी अचूक ओळखणारा पडदा लागतो, आणि माझ्या जुन्या फोनचा पडदा एखादे बोट हमखास गाळत असे. सध्या मी आयफोनचा प्रो प्रकार वापरतो, तो केवळ लायडारसाठी. अंतर मोजणारा हा संवेदक २०२० च्या १२ प्रोपासून फक्त प्रो फोनांत मिळतो, आणि २०२२ च्या आयओएस १६ मध्ये आलेली दार ओळखण्याची सोय त्याच्यावरच चालते. अनोळखी कार्यालयात गेलो की फोन समोर धरतो. दार किती अंतरावर आहे, ढकलायचे की ओढायचे, ते तो सांगतो. पूर्वी मी भिंतीला हात लावत दार शोधत असे आणि कोणीतरी दंड धरून मला ओढत नेत असे. त्यांचा हेतू चांगला असतो, तरी तो अनुभव अपमानाचा असतो.

पैसे मी तीन वर्षांच्या हप्त्यांनी फेडले आणि मला त्याचा खेद नाही. खेद याचा आहे, की जी सोय पांढऱ्या काठीच्या जोडीने प्रत्येकाला मिळायला हवी, ती एक लाखाच्या फोनमध्येच आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ती कोणालाही परवडत नाही.


वारणाकाठ

स्पर्शलिपी, आपला प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. अर्धा सेकंद म्हणजे काय, हे मला आजवर ठाऊक नव्हते. महिन्याच्या पाचशे रुपयांचा जो प्रश्न मी विचारला होता, त्याचे उत्तर आपल्या बाबतीत वादातीत आहे. माझ्या बाबतीत मात्र तसे एकही काम सापडत नाही, आणि हे मी प्रामाणिकपणे शोधून पाहिले.

राहता राहिला अपडेटचा मुद्दा, ज्याच्यामुळे माझा फोन खरे तर बाद झाला. या आठवड्यात त्याविषयी वाचले. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले आहे. ॲपल तर जुन्या फोनला बराच काळ सांभाळते. २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा अपडेट मिळाले होते. पण ही सोय आता फक्त वरच्यांसाठी राहिलेली नाही. सॅमसंगचा ए१६ हा फाइव्ह-जी फोन भारतात १८,९९९ रुपयांपासून आला आणि त्यालाही सहा वर्षांचे वचन आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला, की मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आहे, परंतु अशी सक्ती नाही. ती व्हावी असे मला फार वाटते, कारण माझ्या सतरा हजारांच्या फोनचा पडदा, कॅमेरा, माइक अजून उत्तम चालतात. तो मेला तो अपडेटवाचून.


दुरुस्तीवाला

मग आपल्यासाठी मधला रस्ता आहे. नवे मॉडेल आले की गेल्या वर्षीच्या वरच्या श्रेणीतल्या फोनची किंमत उतरते. काही अँड्रॉइड फोन वर्षभरात तिसऱ्या हिश्शाने खाली येतात. चिप, यूएफएस, कॅमेरा तोच असतो. फक्त अपडेटची वर्षे मॉडेल बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजा, आपण घेतल्याच्या तारखेपासून नव्हे. सात वर्षांचे वचन असेल तर एक-दीड वर्ष गेले तरी पाच वर उरतात.

वापरलेला घेणार असाल तर मूळ बिल मागा आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, तपासा : संदेशात केवायएम लिहून, जागा सोडून तो पंधरा अंकी क्रमांक घालायचा आणि १४४२२ वर पाठवायचा. काळ्या यादीतला किंवा दुसऱ्याच फोनचा क्रमांक असेल तर लगेच कळते. चोरीचा फोन गळ्यात पडून पोलिस ठाण्याच्या फेऱ्या मारणारे मी पाहिले आहेत.


वारणाकाठ

काल कोल्हापूरला जाऊन फोन घेतला. मागच्या वर्षीचे वरचे मॉडेल, एक्केचाळीस हजार रुपये, रोख. बांधावरून यांचे ऐकून तो आधी दुकानाबाहेर उन्हात नेला आणि बिलावरची बारीक अक्षरे त्यात वाचून पाहिली. विक्रेत्याने एक लाख दहा हजारांचाही हातात दिला होता. तो जास्त सुंदर होता, हे मान्य करतो. पण तो घेतला असता तर पडदा बदलण्याचे पंचवीस हजार बाजूला ठेवता आले नसते. आता ठेवले आहेत, पतसंस्थेतच, एका वर्षाच्या ठेवीत.

जुना फोन काउंटरवर दिला तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या मुलाने झाकण सहज उचलले आणि फुगलेली बॅटरी काढून वाळूच्या डब्यात ठेवली. उरलेल्या फोनचे तो तीनशे रुपये देत होता. मी तो परत आणला. कोणाला मूळ दर्जाची बॅटरी सांगता आली तर कळवावे. सिम आणि बँक नसलेला, फक्त घरच्या वायफायवर आईच्या व्हिडिओ कॉलसाठी तो चालवता येईल का, ते पाहायचे आहे.


दुरुस्तीवाला

चालेल. मॉडेल क्रमांक व्यक्तिगत निरोपातून कळवा, बॅटरी पाहून ठेवतो. त्यावर बँकेचे किंवा मेलचे कोणतेही खाते ठेवू नका. आणि नव्या फोनच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर लावून टाका. रात्रभर प्लगला असला तरी बॅटरीवर ताण कमी येतो.